अग्निरथाची वाट

कोंकणांतील बेने इस्रायल कुटुंबें मंगलप्रसंगीं पोहे, गूळ, खोबरें व फळें यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबीचें स्मरण करितात. तो अग्निरथासह स्वर्गीं गेला. अलिबागनजीक खंडाळे येथील खडकावर त्या रथाची खूण उमटली, अशी त्यांची श्रद्धा.

प्राचीन यहुदी गूढग्रंथांत साधकास सात दिव्य प्रासाद ओलांडावे लागतात. प्रत्येक द्वारीं देवदूत मुद्रा मागतात. तल्मुदांतील कथेप्रमाणें दिव्य उपवनांत चौघे शिरले. एक मेला, एक भ्रमिष्ट झाला, एक धर्मभ्रष्ट. रब्बी अकिबा तेवढा सुखरूप परतला.

आपल्या कौषीतकी उपनिषदांत चंद्र हेंच स्वर्गद्वार. त्यास उत्तर न देणारा जीव पाऊस होऊन पृथ्वीवर परततो. लिंबागणेशीं भालचंद्रापुढें हात जोडतांना आम्हांस हें आठवतें. वर जाण्याची इच्छा सर्वांसच. द्वारपालास दाखवावयाची मुद्रा मात्र इहलोकींच्या आचरणानेंच घडवावी लागते.