नवजात बाळाचे अंग गार पडणेही धोक्याचे

कुरकुंभ (ता. दौंड) - बाळाच्या कपाळाला हात लावून 'अंग गरम नाही' असे दिसले, की घरातील मंडळी निश्चिंत होतात. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मात्र तापाइतकेच अंग गार पडणेही धोक्याचे असते आणि ते नेमके कळण्यासाठी थर्मामीटरच लागतो.

वजनाच्या मानाने नवजात बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असते, त्यामुळे शरीरातील ऊब झपाट्याने निघून जाते. मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून ते ऊब निर्माण करू शकत नाही. गार पडलेले बाळ दूध नीट ओढत नाही, रक्तातील साखर घटते. जंतुसंसर्ग झाल्यावरही काही बाळांना ताप न येता अंग थंड पडते.

तापमान काखेत मोजावे. काख कोरडी करून डिजिटल थर्मामीटरचे टोक मध्यभागी ठेवावे आणि आवाज होईपर्यंत दंड अंगाशी धरावा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस (९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट) तापमान योग्य असते. ३६.५ पेक्षा कमी भरल्यास बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, टोपी घालावी, स्तनपान द्यावे आणि पुन्हा मोजावे. तापमान वाढत नसेल किंवा ते ३५.५ पेक्षा कमी असेल, तर बाळाला उबेतच ठेवून तातडीने रुग्णालयात न्यावे. जास्त कपडे काढूनही ते ३७.५ च्या वर राहिल्यास, अथवा बाळ दूध पीत नसल्यास, घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

घरोघरी जाऊन असे मोजमाप करता येते, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत स्थानिक महिलांना नवजात बालसेवेचे प्रशिक्षण दिले. बाळाला उबदार ठेवणे हा त्या सेवेचा एक भाग होता. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून ही पद्धत देशभर 'आशां'मार्फत राबविली जाते. रुग्णालयात प्रसूती झाल्यास त्या ४२ दिवसांत सहा भेटी देतात, घरी झाल्यास सात.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेल्या जोडप्यांना वडीलधाऱ्यांची सोबत मिळतेच असे नाही. अशा घरांनी या भेटी चुकवू नयेत आणि थर्मामीटर कसा लावावा, हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे.