महामारी आणि हातावरचे पोट

साथीचा रोग गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, असे म्हटले जाते. रोगापुरते ते काही अंशी खरे असेलही. त्यामागून येणाऱ्या आर्थिक संकटाबाबत मात्र ते मुळीच खरे नाही. छत्तीसगडमधील बीरगांवसारख्या कामगारवस्तीकडे पाहिले की याची प्रचीती येते.

रायपूर-बिलासपूर मार्गावरील बीरगांव हे उरला औद्योगिक क्षेत्राला लागून वसले आहे. पुढे सिलतरा येथे लोह-पोलादाचे कारखाने आहेत. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. ज्यांचे काम घरबसल्या होऊ शकत होते, त्यांपैकी अनेकांचे वेतन चालू राहिले. रोजंदारीवरील कामगाराची मिळकत मात्र काम थांबले त्याच दिवशी थांबली. खोलीचे भाडे व वाण्याची उधारी थांबली नाही. परप्रांतीय कामगाराची शिधापत्रिका बहुधा दूर गावी असे. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रातून ओडिशा-झारखंडकडे निघालेले मजूर रायपूरच्या टाटीबंध चौकातून पुढे गेले, ते याच विवंचनेपायी.

विकसनशील देशांत हेच चित्र होते. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगातील सुमारे ७ कोटी लोक अतिदारिद्र्यात लोटले गेले. सर्वांत गरीब ४० टक्के लोकांचे उत्पन्न सरासरी ४ टक्क्यांनी घटले. ही घट सर्वांत श्रीमंत २० टक्क्यांच्या दुप्पट होती.

विषमता वाढते ती अशी. गाठीशी पुंजी असलेला माणूस संकटाचे दोन-तीन महिने काढतो आणि पूर्वपदावर येतो. पुंजी नसलेला दागिना मोडतो, सावकाराकडे जातो, मुलाची शाळा सोडवतो. साथ ओसरते, व्याज ओसरत नाही.

एप्रिल ते जून २०२० या काळात महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये थेट जमा झाले. रक्कम लहान, पण मध्यस्थाविना पोहोचलेली. तथापि केवळ खाते म्हणजे पुंजी नव्हे. त्यात नियमित, अल्प का होईना, बचत हवी. वारसाची नोंद हवी. वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारा जीवनज्योती विमा हवा.

आपल्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईंचे, इमारतीच्या रखवालदाराचे खाते चालू आहे ना, हे ग्राहकांनी आस्थेने विचारावे. आणि ते शाखेत आल्यावर त्यांचा अर्ज आपण कर्मचाऱ्यांनी स्वतः भरून द्यावा. पुढील संकटाची तयारी संकट नसतानाच करावयाची असते.