रामेश्वराच्या दरीत माघातील एक सोमवार

महाशिवरात्र आली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. माघ वद्य चतुर्दशीची ही ऋतुसंधी शहरात फारशी जाणवत नाही. परंतु अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला वसलेल्या जामखेडच्या परिसरात बालाघाटाच्या डोंगरावरून येणारा पहाटवारा तिची जाणीव पुरेपूर करून देतो. या कमी पावसाच्या मुलखात पाणी हेच दैवत, आणि दैवताला वाहावयाचे तेही पाणीच.

जामखेडहून बीडच्या वाटेने जेमतेम पंधरा किलोमीटरवर, बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, सौताडा हे गाव आहे. येथे विंचरणा नदी दोनशे फुटांहून अधिक उंचीच्या कड्यावरून दरीत झेपावते, आणि त्या दरीतच श्रीरामेश्वराचे स्थान आहे. रामाने पूजिलेला ईश्वर तो रामेश्वर, अशी या नावामागील भावना. हीच विंचरणा पुढे जामखेडला येते. श्रावणात धबधबा भरात असतो आणि दरी भाविकांनी फुलून जाते. माघात मात्र धार क्षीण होते, गर्दी ओसरते आणि देव व भक्त यांच्यामध्ये केवळ शांतता उरते. ती अनुभवावी म्हणून माघातील एका सोमवारी आम्ही जामखेडहून पहाटेच निघालो.

धुके इतके दाट होते की दहा हातांपलीकडचे दिसत नव्हते. गाव मागे पडते न पडते तोच मेंढरांचा मोठा कळप रस्त्यात आडवा आला. तो निघून जाईपर्यंत पूर्वेला तांबडे फुटले. पुढे घाटाच्या चढावर अणकुचीदार दगड लागून जीपचे चाक बसले. बदली चाक काढून पाहावे, तर त्यातही हवा नाही! चालक मिळेल त्या वाहनाने जामखेडला परतला आणि आम्ही उरलेली वाट पायीच धरली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी दहिवराने जड होऊन वाकली होती. वाटेतल्या वस्त्यांवर धूर दिसत होता, पण माणसांचा वावर तुरळक. ओसरीवर वृद्ध आणि अंगणात मुले. कर्ती माणसे जवळजवळ नाहीतच.

याचे कारण एका आजींनी सांगितले. हातात बेलाची पाने, बरोबर आठ-नऊ वर्षांचा नातू आणि त्याच्या हाती पितळेचा तांब्या. त्याही रामेश्वरालाच निघाल्या होत्या. ‘‘लेक-सून दिवाळीनंतरच कारखान्याला गेल्यात, दादा. आता चैताशिवाय कुठली येत्यात!’’ त्या म्हणाल्या. दरवर्षी दिवाळीनंतर बीड आणि नगरच्या या कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोडीसाठी असंख्य कुटुंबे पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’. ती उचल फिटेपर्यंत घर वृद्धांच्या हवाली.

दरीत उतरताना आजींना हात देऊ केला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला; देवाच्या पायऱ्या आपल्या पायांनीच उतराव्यात, असे त्यांचे म्हणणे. तळाशी पाण्याकाठी मात्र अघटित घडता घडता टळले. तांब्या भरण्यास वाकलेल्या मुलाचा पाय शेवाळावरून सटकला. आम्ही त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढले, पण तांब्या हातून निसटून पाण्यात गेला. गुडघा खरचटला होता, तरी मूल रडत होते ते तांब्यासाठी. ‘‘आईनं दिला व्हता. दर सोमवारी पानी घाल, म्हनली व्हती.’’ आमच्या सोबतचा एक तरुण कंबरभर गार पाण्यात उतरला आणि पायाने चाचपडत त्याने तो वर काढला. पोराचा चेहरा असा उजळला की त्या तरुणाची हुडहुडीही आम्हां सर्वांना गोड वाटली.

गाभाऱ्यात त्याने आईच्या वाटचे पाणी पिंडीवर घातले. आजींनी बेल वाहिला आणि मागणे मागितले ते एवढेच, ‘‘समदी धडपणी घरी येऊ दे.’’ महाशिवरात्रीला तिकडे लेक-सून काय करतील, असे विचारता त्या हसल्या. ‘‘फडात देऊळ कुठलं? बांधावरचा दगड धुवायचा अन् पानी घालायचं. त्योबी म्हादेवच की.’’

या बोलण्यावरून आठवण झाली ती जामखेड तालुक्यातीलच चौंडीची. तेथे ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्याबाई जन्मल्या. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालविले ते श्रीशंकराच्या नावाने. काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले, सोमनाथालाही नवे मंदिर दिले. त्याचबरोबर ठिकठिकाणी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. देवाला मंदिर आणि वाटसरूला पाणी, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच भक्तीने केली. शिवाला घर द्यावयाचे, तर त्याच्या लेकरांनाही निवारा हवा, हेच त्या कार्याचे सार.

महाशिवरात्रीला आपल्या घरी कवठाची चटणी होईल, रताळ्याचा गोड कीस होईल, देवापुढे दूध-साखर ठेवली जाईल. त्या गूळ-साखरेचा ऊस कोणाच्या तरी हातांनी थंडीवाऱ्यात तोडलेला असतो आणि त्या हातांची मुले दूर कोठे तरी आजीबरोबर सोमवार करीत असतात. पिंडीवर अभिषेकाची धार धरताना त्यांचे स्मरण अवश्य असावे. परिसरात ऊसतोडीचा तळ असेल, तर उपवास सोडण्यापूर्वी शिध्यातील एक वाटा तेथे पोहोचवावा. भोळा शंकर म्हणतात तो हाच. बांधावरच्या दगडातही तो त्या घासाने तृप्त होईल.