पडवीतली जावा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पंधरा-वीस वर्षे उभी असलेली जावा किंवा येझदी किक मारून सुरू झाली नाही, की ‘इंजिन गेलं’ असा निकाल लगेच दिला जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. इतका काळ उभ्या राहिलेल्या गाडीत कार्बोरेटरचे जेट वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेले असतात आणि इग्निशनच्या पॉइंटवर राखाडी गंज धरलेला असतो. मिरजोळ्यासारख्या कोकणातल्या गावात तर सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घरही बांधलेले असू शकते. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांतली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास लावली, जेट धुतले आणि नवा प्लग बसवला, की यांतल्या बऱ्याच गाड्या बोलू लागतात.

किक खालीच जात नसेल, तर पिस्टन सिलिंडरला गंजाने धरलेला असतो. अशा वेळी किकवर उभे राहून उड्या मारणे हा सर्वांत महागडा उपाय आहे, कारण त्यात रिंगा तुटतात आणि बोअरवर चरे पडतात. प्लग काढून त्या भोकातून पातळ तेल ओतावे, चार-सहा दिवस थांबावे आणि मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हलक्या हाताने पुढे-मागे फिरवावे. सुटायचे असेल तर ते इतक्याने सुटते. नंतर बोअर करावाच लागला, तरी सिलिंडर संपला असे होत नाही. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मोठ्या मापात मिळतात आणि त्यामुळे एक सिलिंडर अनेकदा बोअर करता येतो. रत्नागिरीकराला हे काम जवळ जमले नाही, तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाता येते. लेथ आणि बोअरिंगच्या कामासाठी ती जागा नावाजलेली आहे.

‘फार धूर येतो म्हणजे रिंगा गेल्या’ हे निदान चार-स्ट्रोक बुलेटकडून उसने घेतलेले आहे. जावा-येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक असते आणि त्याच्या क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराचे ऑइल सील असतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ते कडक होतात. क्लचच्या बाजूचा सील गळू लागला, तर इंजिन गिअरचे ऑइल ओढून जाळते आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. दुसऱ्या बाजूचा सील गेला, तर धूर येत नाही, पण तिथून फुकटची हवा आत शिरते, पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि तापून पिस्टन जाम होतो. म्हणजे धूर न काढणारा सील धूर काढणाऱ्यापेक्षा घातक ठरतो. इंजिन एकदा उघडलेच, तर दोन्ही सील बदलावेत. ते स्वस्त असतात, महाग पडते ती पुन्हा इंजिन उघडण्याची मजुरी.

ऑइलबद्दलचा समज सर्वांत चिवट आहे. ‘पेट्रोलमध्ये थोडे जास्त टाकले तर बिघडते कुठे, इंजिन सुरक्षितच राहील’ असे अनुभवी मेकॅनिकही सांगतात. जुन्या गाड्यांचे ठरलेले प्रमाण लिटरमागे ४० मिलीच्या आसपास असे. ऑइल त्याहून वाढवले की त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल तेवढे कमी होते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन थंड राहण्याऐवजी उलट जास्त तापते. शिवाय प्लग काळा होतो आणि सायलेन्सर काजळीने बुजतो. ज्या गाडीला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे, उदाहरणार्थ यामाहा आरएक्स १००, तिच्यात पंप चालू असताना वर पेट्रोलमध्येही ऑइल मिसळणे हा याच चुकीचा दुसरा प्रकार.

याच ऑइलचा घाटाशी थेट संबंध आहे. आंबा घाट उतरताना बुलेट खालच्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर बंद केला, तर इंजिन गाडीला चांगले रोखून धरते. तीच युक्ती जावाला लावणे मात्र धोक्याचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेल्या टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते. ॲक्सिलरेटर बंद असताना पेट्रोल जवळजवळ थांबते, इंजिन मात्र वेगात फिरत राहते आणि पिस्टन कोरडा पडतो. म्हणून लांब उतारावर अधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा उघडून इंजिनला घोट द्यावा लागतो आणि वेग मुळातच कमी ठेवावा लागतो, कारण जुने ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की तापून ढिले पडतात.

‘जावा पुन्हा बाजारात आली, आता पार्टची चिंता नाही’ हा समज २०१८ नंतरचा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून मूळच्या चेक जावाची भारतीय आवृत्ती बनवली, १९७३ च्या सुमारास तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव घेऊन आलेली गाडी पाण्याने थंड होणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाची आहे. तिच्या इंजिनातला एकही भाग जुन्या गाडीला बसत नाही. जुन्यांसाठी पिस्टन, सील, केबल, क्लच प्लेट असे झिजणारे सामान आजही नव्याने बनते. दुर्मीळ आहेत ते मूळचे दिवे, मीटर आणि टाकीवरचे बिल्ले. त्यामुळे गाडी विकत घेताना इंजिनाच्या आवाजाइतकेच लक्ष या किरकोळ वस्तूंकडे द्यावे.

क्रोम गंजत नाही, हे खरे आहे, पण क्रोमखालचे लोखंड गंजते. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खरे संरक्षण करतो तो खालचा निकेलचा थर. स्वस्तात क्रोम करणारे नेमके निकेलमध्येच हात आखडतात. समुद्र काही किलोमीटरवर आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, अशा हवेत हे क्रोम फार काळ टिकत नाही. जावाच्या टाकीच्या चकचकीत बगलेवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका उठतो, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. गाडीवर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आत दमट हवा कोंडते आणि गंज वाढतो. वारा लागणारी कोरडी जागा आणि सुती कापड हेच बरे.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, म्हणजे ई-२० ने, जुनी गाडी लगेच निकामी होते हेही खरे नाही आणि काहीच होत नाही हेही खरे नाही. जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, ते बदलावे लागतात. मिश्रण किंचित पातळ होते, ते जेटने जुळवून घेता येते. मोठा धोका पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीला असतो. इथेनॉल हवेतली ओल शोषते, ती फार झाली की पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि त्या थरात टू-स्ट्रोक ऑइल विरघळत नाही. जूनमध्ये गाडी ठेवून द्यायची असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. देशभरचे जावा-येझदी चाहते आपला दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा करतात. कोकणातल्या मालकाला तो भर पावसातच गाठावा लागतो.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावी लागते, हा समज दिल्ली परिसरातल्या निर्बंधांमुळे पसरला. महाराष्ट्रात तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. ‘व्हिंटेज’ नोंदणी ही निराळी गोष्ट आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीला ती मिळते, पण मग गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. बाजारात न्यायच्या गाडीला ही नोंदणी घेऊ नये.

आणि रंगाचे काम सगळ्यांत शेवटी करावे. वाळूचा मारा करून चासी साफ केली आणि वर पावडर कोटिंगचा जाड थर दिला, तर ठोकलेला चासी क्रमांक बुजतो. काम देण्यापूर्वी त्या जागेवर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्यावा, आरसी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा आणि तेवढी जागा चिकटपट्टीने झाकायला सांगावी. आरटीओत तपासणीच्या वेळी तोच क्रमांक वाचला जातो. तो वाचता आला नाही, तर गाडी कितीही चकचकीत असो, नूतनीकरण तिथेच अडते.