भिंतीवर बाईची तसबीर कशासाठी?

गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ते आणि योजना यांवर नेहमीच बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. विद्यापीठासारख्या मोठ्या संस्थांच्या भिंतींवर कुणाच्या तसबिरी लागतात? त्यात बाया कमी का दिसतात? आणि कर्तबगार बायांची चित्रं मुद्दाम काढून घेऊन तिथं लावायची असतील तर काय करावं लागतं? आपल्यातल्या कितीतरी जणी १८ मेच्या खरीप मेळाव्याला किंवा एखाद्या प्रशिक्षणाला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जातात. आपल्या लेकी तिथं शिकतात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

कोणत्याही जुन्या संस्थेत साधारण दोन प्रकारच्या तसबिरी असतात. पहिला प्रकार थोर व्यक्तींचा. दुसरा प्रकार त्या संस्थेत मोठ्या पदावर बसून गेलेल्यांचा, म्हणजे कुलगुरू, संचालक, प्राचार्य. या दुसऱ्या प्रकारात कुणी बसून निवड करत नाही. पद सुटलं की फोटो लागतो, एवढाच रिवाज. रिवाजात वरवर काही खोट दिसत नाही. पण जिथं वर्षानुवर्षं पदावर पुरुषच बसले, तिथं भिंतही आपोआप पुरुषांनीच भरते. बायांनी केलेलं संशोधन, त्यांनी घडवलेले विद्यार्थी, शेतात जाऊन दिलेलं शिक्षण या रिवाजात बसत नाही. म्हणून बायांची चित्रं आपोआप लागत नाहीत, ती ठरवून लावावी लागतात.

आपल्या राज्यात विद्यापीठांना बायांची नावं मात्र मिळाली आहेत. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव आहे. पुणे विद्यापीठ २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं झालं, जळगावचं २०१८ साली बहिणाबाई चौधरींच्या आणि सोलापूरचं २०१९ साली अहिल्यादेवी होळकरांच्या. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण नाव कमानीवर असतं. आत रोजच्या वावरात, सभागृहात, बैठकीच्या खोलीत ज्यांचे चेहरे दिसतात, त्यांच्याकडे बघून मुलगी ठरवते की ही जागा कुणाची आहे. सावित्रीबाईंना आपण वंदन करतो. पण 'या खुर्चीवर मीही बसू शकते' असं वाटायला आपल्या काळातली, नोकरी-संसार-अभ्यास ओढलेली बाईही समोर दिसावी लागते.

नुसत्या चित्रानं असा काय फरक पडतो, असं कुणीही विचारेल. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हेच तपासलं. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थी-विद्यार्थिनींना संगणकानं उभ्या केलेल्या सभागृहात भाषण करायला सांगितलं. समोरच्या भिंतीवर काहींना पुरुष नेत्याचं चित्र दिसत होतं, काहींना जर्मनीच्या अँगेला मर्केल किंवा अमेरिकेच्या हिलरी क्लिंटन यांचं, आणि काहींना कोरी भिंत. पुरुषाचं चित्र किंवा कोरी भिंत असली तर मुली मुलांपेक्षा कमी वेळ बोलल्या. समोर बाईचं चित्र असलं तर हा फरक उरला नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण सभेत उठून बोलताना घसा कोरडा पडतो तो का, हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिला हा निष्कर्ष परका वाटणार नाही.

आता ठरवून चित्रं लावल्याचं एक उदाहरण. त्यासाठी आधी नाशिकला जाऊ. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. परीक्षेत वरचा नंबर मिळवूनही विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या बाई होत्या. लोकांनी वर्गणी करून मदत केली आणि १८८९ साली त्या इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात पोहोचल्या. तिथं कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८९२ साली परीक्षा दिली, पण बायांना पदवी देण्याचा नियमच नव्हता. तो १९२० साली आला आणि कॉर्नेलियाबाईंच्या हातात पदवी पडली १९२२ साली, तब्बल तीस वर्षांनी.

अशा विद्यापीठाच्या भिंतींवर शतकानुशतकं कुणाची चित्रं असणार, ते सांगायला नको. तिथल्या हर्टफर्ड कॉलेजनं १९७४ साली मुलींना प्रवेश दिला. त्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०१४ साली, त्यांनी जेवणाच्या मोठ्या दालनातली पुरुषांची चित्रं उतरवली आणि कॉलेजशी नातं असलेल्या स्त्रियांची छायाचित्रं तिथं लावली. पुढं सगळ्या विद्यापीठानंच हे काम हाती घेतलं. ज्यांचे चेहरे भिंतीवर कमी दिसतात अशा वीसहून अधिक जणांची नवी चित्रं त्यांनी काढून घेतली आणि २०१७ साली त्याची घोषणा केली.

आपल्याकडे एखाद्या विद्यापीठानं, महाविद्यालयानं किंवा अगदी आपल्या गटांच्या संघानं हे करायचं ठरवलं, तर पायऱ्या अशा.

पहिली पायरी निवडीची. नावं सगळ्यांकडून मागवावीत, शिपाई आणि वसतिगृहाच्या मावशींपासून प्राध्यापकांपर्यंत. निवड समिती लहान असावी आणि तिनं निवडीचं कारण लिहून ठेवावं. नाहीतर 'अमक्याची बायको म्हणून लावली' असं बोलायला लोक मोकळे. फक्त पद बघू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कृषी विद्यापीठाच्या भिंतीवर अशा बाईचाही हक्क आहे.

दुसरी पायरी संमतीची. हिला मी फार महत्त्व देते. आपल्याकडे भिंतीवर फोटो लागला म्हणजे माणूस गेलं, असं घट्ट बसलं आहे. जिवंत बाईला विचारलं तर ती पटकन म्हणते, 'मी काय मेले का?' तिला समजावून सांगा, पण बळजबरी नको. कसं दिसायचं, कोणतं लुगडं किंवा साडी नेसायची, हातात काय असावं, हे तिनं ठरवावं. आपल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंचा खरा चेहरा कुणी पाहिलेला नाही. तरी चित्रात जातं दिसलं की लहान पोरही सांगतं, या जनाबाई. बाईची ओळख तिच्या कामातून पटते. म्हणून प्रयोगशाळेतली बाई प्रयोगशाळेत दिसू द्या, बियाणं जपणारी बियाण्याच्या मडक्यांजवळ.

तिसरी पायरी चित्रकाराची. तैलचित्र की छायाचित्र, हे पैसे बघून ठरवा. दोन-तीन जणांकडून दरपत्रक घ्या आणि करार लेखी करा. चित्र किती दिवसांत मिळणार, दुरुस्ती किती वेळा, पुस्तिकेत किंवा फलकावर छापायची परवानगी कुणाकडे, हे त्यात लिहा. जमलं तर आपल्या भागातल्या एखाद्या चित्रकार मुलीला काम द्या.

चौथी पायरी नावपट्टीची. तिथं बाईचं स्वतःचं पूर्ण नाव हवं, नुसतं 'सौ.' आणि नवऱ्याचं नाव नको. खाली काम लिहा. डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. 'माजी कुलगुरू' एवढंच लिहिलं तर वाचणारी पुढं निघून जाईल. पण त्या लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर होत्या आणि विद्यार्थ्यांच्या कागदपत्रावर आईचं नाव यावं म्हणून त्यांनी पुढाकार घेतला, हे लिहिलं तर ती थांबेल. कारण ते नाव तिच्याही आईचं आहे.

पाचवी पायरी जागेची. चौकट इतर तसबिरींएवढीच आणि जागाही तीच, मुख्य सभागृहाची. बायांची चित्रं फक्त मुलींच्या वसतिगृहात लावली तर ती पुन्हा बाजूलाच पडली. शेवटी, धूळ पुसायची, काच बदलायची जबाबदारी कुणाची, तेही नोंदवून ठेवा.

याला एक खरा आक्षेप आहे. इतक्या पैशात मुलींचं एखादं स्वच्छतागृह दुरुस्त होईल, मग चित्रं कशाला? आक्षेप रास्त आहे. स्वच्छतागृह नसेल तर आधी तेच करावं. चित्र लावून कुणी आपली बाकीची जबाबदारी झटकू नये. पण एक बघा, पुरुषांच्या तसबिरी लावताना हा हिशोब कुणी मांडला होता का?

आता आपल्या दाराशी येऊ. अन्न सुरक्षा कायद्यानं २०१३ पासून रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. २०११ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायांना आहेत. तरी गावच्या फलकावर सरपंचबाईच्या शेजारी, कधी तर तिच्याही आधी, नवऱ्याचा फोटो असतो. गटाच्या कार्यक्रमाचे फोटो निघतात, त्यात पाहुण्यांची नावं छापतात आणि आपण नुसत्या 'उपस्थित महिला' होतो.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एक ठराव घ्या. गट सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या अध्यक्ष आणि सचिवांचे फोटो, प्रत्येकीचं पूर्ण नाव, वर्षं आणि तिनं केलेलं एक काम, एवढं एका चौकटीत लावा. गटाला खोली नसेल तर ग्रामपंचायतीत जागा मागा, मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. आणि विद्यापीठात जाल तेव्हा भिंती नीट बघा, सोबत लेकीला घ्या. तिथं कुणाची तसबीर हवी होती, हे तिला विचारा. ती जे नाव सांगेल, ते लिहून ठेवा.