रेकॉर्डिंगवाला डीटीएच बॉक्स गेला कुठे?

जालन्यात आज रेकॉर्डिंगवाला डीटीएच बॉक्स मागितला, तर दुकानदार बहुधा अँड्रॉइड बॉक्सच पुढे करेल. २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला तेव्हा काय रुबाब होता! पोटात हार्ड डिस्क, चालू मॅच थांबवून खुशाल चहाला जा.

घात केला त्या हार्ड डिस्कनेच. आतली तबकडी सतत फिरती. वर टीव्हीखालचा कोंदट कप्पा, मराठवाड्यातला मे महिना आणि विजेचा लपंडाव. डिस्क बिघडली की वॉरंटीतला भुर्दंड कंपनीवर. त्यात खप मोजका. जुनी चिप बनायची थांबली की अख्खा बॉक्स नव्याने आखायचा, सॉफ्टवेअरही वेगळं सांभाळायचं. थोड्या ग्राहकांसाठी एवढा खटाटोप कोण करेल?

२०१६ ला जिओ आलं, हुकलेला एपिसोड मोबाइलवर दिसू लागला, मग रेकॉर्डिंग हवं कशाला? २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकात गाजावाजा झालेल्या ४के बॉक्सचं दुखणं वेगळं: बॉक्स होता, ४के चॅनेल जवळपास नव्हतेच! खेड्यात तर डीडी फ्री डिश, मासिक भाडं शून्य; तिथे महागडा बॉक्स कोण घेणार?

तुमच्याकडे जुना बॉक्स असेल आणि डिस्क कटकट वाजत असेल, तर साठवलेलं आत्ताच पाहून घ्या. ते रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं, डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तरी चालत नाही.