आधी परतीची वेळ ठरवा

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्यांना डोंगरासाठी फार लांब जावं लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली रेल्वे ठाण्याला पोचली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले आणि तिथून त्यांना दोन फाटे फुटले. एक थळ घाटाखाली कसाऱ्याकडे, दुसरा बोरघाटाखाली कर्जतकडे. घाट चढण्यासाठी टाकलेल्या या रुळांनी सह्याद्रीचे पायथे लोकलच्या तिकिटात आणून ठेवले. आसनगावला उतरलं की माहुली, वांगणीहून चंदेरी, नेरळहून पेब आणि माथेरान. कल्याणहून मुरबाडची एसटी धरली की गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट. दिवाळीचा फराळ संपता संपता मित्रमंडळींच्या ग्रुपवर यांतलंच एखादं नाव पुढे येतं. कुठे जायचं, कोण येणार, डब्यात काय न्यायचं यावर भरपूर चर्चा होते. मागे कधी फिरायचं, हे मात्र बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं असं की एका दिवसाच्या भटकंतीत सर्वांत आधी हीच वेळ ठरवावी आणि बाकीचा दिवस तिथून उलटा मोजत आखावा.

अशा उलट्या मोजणीचं एक उदाहरण दूरवरचं. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटावर ग्रो पिटन नावाचा सुळक्यासारखा डोंगर आहे. त्याची उंची आठशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माहुलीच्या जवळपास. २००४ मध्ये तो परिसर जागतिक वारसा यादीत गेला. तिथे चढायचं तर स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. त्या बेटावर येणाऱ्या पर्यटकांपैकी पुष्कळजण मोठ्या जहाजांतून एका दिवसापुरते उतरतात. जहाजावर परतण्याची वेळ त्यांना आधीच सांगितलेली असते, आणि आपापल्या बेताने फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. साहजिकच जहाजाच्या वेळेतून डोंगराचे तास वजा करायचे आणि जे उरेल त्यात बाकीचं बसवायचं, हे गणित तिथला नवखा प्रवासीही करतो. आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत लोकल असते, म्हणून हे बंधन जाणवत नाही. पण लोकल चालू असली तरी डोंगरावरचा उजेड आपल्यासाठी थांबत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर पायाखालचं दिसण्याइतका उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. कारवीच्या दाट रानात तेवढाही नाही.

माहुलीचंच उदाहरण घेऊन आकडे मांडून पाहू. हा गड सुमारे ८५८ मीटर उंचीचा. १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी इथेच कोंडलं; १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. पायथ्याच्या गावातून चढ सुमारे सातशे मीटरचा आणि वाट चार-साडेचार किलोमीटरची. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वर आणखी एक तास. त्या हिशेबाने माहुलीला दोन तास पुरेसे वाटतात. पण नाइस्मिथच्या डोळ्यांसमोर थंड हवेतले धडधाकट चालणारे होते. आपलं ऊन, पाठीवरचं तीन लिटर पाणी, घसाऱ्याची वाट आणि शेवटच्या टप्प्यातल्या लोखंडी शिडीखाली लागणारी रांग धरली तर तीन तास मोजणंच शहाणपणाचं.

आता उलटं मोजू. सूर्यास्त सहाला. त्याआधी दोन तास राखीव ठेवले तर चारला गावात असायला हवं. उतरायला अडीच तास, म्हणजे दीडला गड सोडायचा. महादरवाजा, देवड्या, पाण्याची टाकी आणि जेवण यांसाठी दोन तास, म्हणजे साडेअकराला माथ्यावर. चढाई साडेआठला सुरू. रिक्षा आणि चहा धरून पावणेआठला आसनगाव. म्हणजे सातच्या सुमारास कल्याण, त्याआधी पंधरा मिनिटं डोंबिवली आणि साधारण साडेसहाला ठाणे. गजर किती वाजताचा लावायचा, हे असं सूर्यास्तावरून ठरतं. माथ्यावर पोचल्यावर शेजारच्या भंडारगडापर्यंत जाऊन यायचा मोह हमखास होतो. त्याला आणखी दोन तास लागणार असतील, तर ते गडावर वाढवता येत नाहीत. घरूनच तेवढं लवकर निघावं लागतं.

राखलेले दोन तास वाया जातात असं वाटेल. पण समजा, उतरताना अर्ध्या वाटेत एकाचा पाय मुरगळला. दीडला निघालेला गट तेव्हा पावणेतीनपर्यंत तिथे आलेला असेल. उरलेल्या सव्वा तासाच्या वाटेला आधार देत, थांबत तीन तास लागले तरी पावणेसहाला, उजेड असतानाच, गाव येतं. तोच गट साडेतीनला निघाला असता तर त्याच दुखापतीने पावणेआठ वाजले असते, आणि शेवटचा सव्वा तास तरी अंधारात दगडगोट्यांवरून गेला असता. अपघात तोच, पण एकदा तो पायाला पट्टी बांधून निभावला आणि दुसऱ्यांदा बचाव पथक बोलावण्याची वेळ आली.

नाणेघाटाला हाच हिशेब, पण वाहन एसटीचं. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा सातवाहनांचा हा व्यापारी मार्ग. नागनिका राणीचा लेख असलेली गुहा आणि जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण वर आजही आहे. वैशाखऱ्याजवळ उतरून चढणाऱ्याची चिंता संध्याकाळी सुरू होते, कारण माळशेजहून भरून आलेली गाडी मधल्या थांब्यावर थांबेलच असं नाही. म्हणून परतीच्या दोन गाड्या धरून ठेवाव्यात: एक ठरवलेली आणि ती चुकली तर तिच्यानंतरची. रविवारी रेल्वेने जाणाऱ्यांनी मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच पाहावं. कल्याणच्या पुढे गाड्या विरळ होतात आणि एक चुकली की बराच वेळ ताटकळावं लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो की मिनिटामिनिटाचा हिशेब केल्यावर साहस उरतं कुठे? आठवडाभर घड्याळावर धावणाऱ्याने रविवारीही घड्याळच पाहायचं का? हा आक्षेप मनापासूनचा आहे. पण आराखडा फक्त एका वेळेला खिळा ठोकतो. तिच्या अलीकडचा सगळा वेळ मोकळा असतो. दीडला निघायचं हे पक्कं असलं की साडेअकरा ते दीड टाक्याकाठी निवांत बसता येतं, वाट सोडून एखादी देवडी न्याहाळता येते. परतीची वेळ न ठरवलेला गटच दुपारभर ‘निघू या का’ असं एकमेकांना विचारत राहतो.

दुसरा आक्षेप असा की पैसे भरून ग्रुपबरोबर गेलं की ही काळजी आयोजकाची. ते अर्धंच खरं आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलेलं आहे. तेव्हा आयोजकाची नोंदणी आहे का, किती जणांमागे किती लीडर, सर्वांत मागे कोण चालणार आणि माथा कितीला सोडणार, हे विचारण्यात संकोच कसला? शेवटच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळत नसेल तर दुसरा ग्रुप शोधावा. तिसरा आक्षेप मोबाइल आणि हेडटॉर्चचा. दोन्ही सॅकमध्ये हवेतच. पण दरीत रेंज जाते, नकाशा पाहून पाहून बॅटरी उतरते, आणि टॉर्चच्या झोतात समोरची दोन पावलं दिसली तरी पुढे वाट फुटते कुठे ते कळत नाही.

पावसाळ्यात हा हिशेब आणखी कडक होतो. वर माथ्यावर पाऊस पडला की खालचा ओढा पाहता पाहता फुगतो, आणि सकाळी सहज ओलांडलेलं पाणी दुपारी वाट अडवतं. तेव्हा परतीची वेळ सूर्याऐवजी ढगांवरून ठरवावी लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी धबधब्यांवर बंदी घातली असेल तर बेतच बदलावा. दिवाळीनंतरचे तीन-साडेतीन महिने त्या मानाने सोपे: आकाश स्वच्छ, वाटा कोरड्या, टाक्यांत पाणी. फक्त दिवस लहान. म्हणून येत्या रविवारचा बेत ठरवताना ग्रुपवर जाणाऱ्यांच्या यादीआधी गड सोडण्याची वेळ लिहा, घरच्यांनाही तीच सांगा, आणि माथा अर्ध्या तासावर दिसत असला तरी ती वेळ झाली की मागे फिरा. पुढच्या रविवारीही आसनगावची लोकल आहेच.